कुंडीतील निळे फळ आणि नगरची शब्दसंपत्ती

एखाद्या प्रदेशात एखादे झाड कोठून व केव्हा आले हे सांगणारा लेखी पुरावा हाती नसला, म्हणजे इतिहासाचा अभ्यासक भाषेकडे वळतो. 'अननस', 'पपई' आणि 'काजू' ही नावे पोर्तुगीजांच्या वाटेने आली. 'अंजीर' आणि 'खरबूज' ही फारसीतून आली. 'मोसंबी' या नावात मोझांबिकचा किनारा अजून ऐकू येतो. फळाच्या नावावरून फळाचा प्रवास ओळखावयाचा, ही पद्धत आपल्या विद्यार्थ्यांच्या चांगल्या परिचयाची आहे. ती चुकीची आहे असे मुळीच नाही. परंतु तिच्यावर भरवसा ठेवून पुष्कळदा आणखी एक अनुमान काढले जाते, ते असे की, ज्या झाडाला मराठी नाव मिळाले ते इथे रुजले आणि ज्याला मिळाले नाही ते परकेच राहिले. हे अनुमान कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे. त्यासाठी उदाहरण घेतले आहे ते एका अगदी नव्या झाडाचे. शहरांतील हौशी मंडळी अलीकडे गच्चीवर कुंडीत जे ब्लूबेरीचे झुडूप लावू पाहतात, तेच हे उदाहरण होय. क्षेत्र घेतले आहे ते अहमदनगर जिल्ह्याचे. या जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अधिकृतपणे अहिल्यानगर असे झाले. तथापि निबंधातील बराचसा भाग जुन्या काळाचा असल्यामुळे, आणि लोकव्यवहारात 'नगर' हेच रूप रूढ असल्यामुळे, येथे तेच वापरले आहे.

प्रथम झुडपाचा इतिहास पाहू. ब्लूबेरी मूळची उत्तर अमेरिकेतील. तेथील मूळ रहिवासी ती रानातून गोळा करीत आले होते; पण विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत तिची लागवड कोणालाही साधली नव्हती. अमेरिकेच्या शेती खात्यातील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी १९०६ च्या सुमारास या प्रश्नाला हात घातला आणि १९१० मध्ये आपल्या प्रयोगांचे वृत्त प्रसिद्ध केले. हे प्रयोग मोठ्या प्रमाणावर कुंड्यांतच झाले, ही गोष्ट आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. बागेतील कसदार, खतावलेल्या, चुना घातलेल्या मातीत रोपे खुरटत. जिला सामान्य शेतकरी निकस म्हणून टाकून देईल अशा आंबट, पालापाचोळ्याच्या मातीत ती जोमाने वाढत. चांगली माती म्हणजे काय, याविषयीची रूढ समजूत या झाडापुरती उलटी करावी लागते, हा कोव्हिल यांचा पहिला निष्कर्ष. दुसराही तितकाच अनपेक्षित होता. थंडीचा कडाका चुकवावा म्हणून जी झाडे हिवाळाभर उबदार काचगृहात ठेवली, ती वसंतात नीट फुटली नाहीत. जी बाहेर गारठ्यात राहिली, ती फुटली. झोपेतून जागे होण्यासाठी या झाडाला थंडी लागते.

कोव्हिल यांचे वृत्त वाचून न्यू जर्सीमधील एलिझाबेथ व्हाइट या बागाईतदार बाईंनी त्यांच्याशी सहकार्य सुरू केले. रानात जाऊन टपोऱ्या फळांची झुडपे दाखवून देणाऱ्या स्थानिक लोकांना त्यांनी बक्षिसे दिली, आणि निवडलेल्या वाणांना त्या शोधकांची नावे दिली. रूब लीक नावाच्या माणसाने दाखविलेल्या झुडपाचा 'रूबेल' हा वाण आजही लागवडीत आहे. लागवडीच्या ब्लूबेरीचे पहिले पीक बाजारात गेले ते १९१६ मध्ये. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यापासून फ्लोरिडा विद्यापीठात उत्तरेकडील वाणांचा दक्षिणेकडील रानटी जातींशी संकर करण्यात आला आणि थोड्या थंडीवर भागणारे वाण तयार झाले. उष्ण प्रदेशात ब्लूबेरीची गोष्ट निघू शकते, ती या वाणांमुळे. तात्पर्य, जे फळ आज गच्चीवरील कुंडीत लावले जात आहे, त्याच्या लागवडीचे ज्ञान मुळातच कुंडीत जन्मलेले आहे.

आता नगरकडे वळू. बाहेरची झाडे आणून लावण्याची गोष्ट या नगराला नवी नाही. नगराची जन्मकथाच एका बागेपासून सुरू होते. २८ मे १४९० रोजी मलिक अहमदने बहमनी सेनापती जहांगीरखान याचा येथे पराभव केला, आणि विजयाच्या जागी वाडा व बाग उभारली. तीच बाग निजाम. या बागेमुळे ती लढाईही बागेची लढाई म्हणून इतिहासात नोंदली गेली. १४९४ मध्ये शहराचा पाया घातला गेला तो या बागेच्या जवळ, आणि पुढे हुसेन निजामशहाच्या काळात जो दगडी किल्ला झाला तोही याच जागी. सोळाव्या शतकात शहराभोवती हश्त बिहिश्त आणि फराहबक्ष यांसारख्या बागा झाल्या. त्यांपैकी दुसरीला आज आपण फराहबाग म्हणतो. तिच्यातील महाल मोठ्या तलावाच्या मध्यभागी बांधलेला आहे. पर्जन्यछायेतील या कोरड्या पठारावर असा तलाव भरून ठेवावयाचा, तर पाणी दुरून आणणे भाग होते. ते कापूरवाडी, वडगाव, भिंगार अशा भोवतालच्या गावांकडून भाजक्या मातीच्या जमिनीखालील नळांनी शहराकडे आणले गेले. नगरचे लोक यांना 'खापरी नळ' म्हणतात.

या शब्दापाशी जरा थांबले पाहिजे. त्या काळातील बागेचे शब्द आपण दोन बाजूंना मांडले, तर एक नियमितपणा दिसून येतो. 'बाग', 'बागवान', 'बागाईत', 'हौद', 'गुलाब' हे शब्द फारसीतून, किंवा अरबीतून फारसीमार्गे आले आहेत. ते वास्तूचे, मालकीचे, महसुलाचे आणि शोभेचे शब्द आहेत. याउलट 'आळे' हा शब्द संस्कृत 'आलवाल' यापासून, 'खापर' हा 'कर्पर' वा 'खर्पर' यांपासून प्राकृत 'खप्पर' या रूपाने, आणि 'कुंडी' हा 'कुण्ड' यापासून आला आहे. 'नळ', 'शिंपणे' आणि 'माळी' हेही देशी परंपरेचेच. हे हाताच्या कामाचे शब्द आहेत. दरबाराने बागेला नाव दिले. पण झाडाला पाणी घालण्याचे काम ज्यांच्या हाती होते, त्यांनी आपले शब्द बदलले नाहीत. औरंगाबादेस मलिक अंबरच्या पाणीयोजनेला 'नहर' हा अरबी शब्द चिकटून राहिला. नगरास मात्र त्याच प्रकारच्या कामाला कुंभाराच्या आव्यातले नाव मिळाले.

हे कामाचे शब्द निजामशाहीहून जुने आहेत, याला याच जिल्ह्यात बलवत्तर पुरावा आहे. १२९० मध्ये नेवासे येथे सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत, माळी नेईल तिकडे निमूटपणे जाणाऱ्या पाण्याचा दृष्टांत येतो. ज्या श्रोत्यांसाठी तो दिला, त्यांच्या डोळ्यांसमोर पाटाचे पाणी आणि ते वळविणारा माळी ही दोन्ही होती, म्हणूनच तो दृष्टांत अर्थवाही ठरतो. 'बाग' हा शब्द नगरच्या भूमीवर या जागेचे नाव होऊन बसला, त्याच्या दोनशे वर्षे आधी 'माळी' येथे काम करीत होता.

याच किल्ल्यात पुढे साडेचार शतकांनी पुन्हा बागकाम झाले, तेही बंदिवानांच्या हातून. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत पकडलेल्या काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना नगरच्या किल्ल्यात आणून ठेवण्यात आले. जवाहरलाल नेहरू यांनी १९४४ मध्ये येथेच जो ग्रंथ लिहिला, त्याच्या आरंभी आपण रोज उन्हातान्हात फुलांचे वाफे खणीत असल्याची हकीकत त्यांनी दिली आहे. माती फार वाईट होती. दगडगोटे, जुन्या बांधकामांचा राडारोडा आणि त्याहून जुन्या वास्तूंचे अवशेष यांनी ती भरलेली होती. खणताना जुन्या भिंती लागत. एकदा दगडात कोरलेले सुंदर कमळही निघाले. इतिहासाच्या अभ्यासकाचे लक्ष साहजिकच त्या कमळाकडे जाते. आपण त्या मातीकडे पाहू.

मराठी गावगाड्यात जमिनीचे दोन ठळक भाग मानले जातात : 'काळी' म्हणजे पिकाची जमीन आणि 'पांढरी' म्हणजे वस्तीची जमीन. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, पडलेल्या भिंतींची माती आणि चुना यांनी वस्तीखालची जमीन पांढुरकी होते. नेहरूंनी खणली ती नगरची पांढरी होती. बाग निजामची मूळ जमीन केव्हाच राजवाड्यांच्या आणि तटांच्या चुन्याखाली गेलेली होती. त्या पांढरीत फुले उगवावयाची म्हणजे माती आधी तयार करावी लागणारच. बागेसाठी पाणी दुरून आणावे लागते, हा सोळाव्या शतकाचा धडा होता. बागेसाठी मातीही घडवावी लागते, हा १९४२ चा. कुंडी म्हणजे या दुसऱ्या धड्याचेच लहान रूप होय. जी माती भोवताली नाही ती हातभर जागेत निर्माण करण्याचा तो उपाय आहे.

आता निबंधाच्या आरंभी मांडलेल्या अनुमानाची परीक्षा घेता येईल. त्यासाठी दोन झाडे शेजारी ठेवू. डाळिंब मूळचे इराणकडचे. पण त्याला 'दाडिम' या संस्कृत शब्दापासून आलेले नाव आहे, आणि संगमनेर, राहाता, पारनेर या तालुक्यांत ते आज नगदी पीक आहे. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या आणि राहुरीस असलेल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने त्याला 'मृदुला', 'आरक्ता', 'भगवा' असे वाण दिले. येथे नाव आणि रुजणे यांची जोडी जमते. दुसरे उदाहरण स्ट्रॉबेरीचे. महाबळेश्वराच्या परिसरात तिची लागवड ब्रिटिश काळापासून होत आली आहे, २०१० मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले, सहस्रावधी कुटुंबे तिच्यावर जगतात. आणि तरी तिला मराठी नाव नाही. तिचे इंग्रजी नावच मराठी विभक्ती घेऊन निर्वेधपणे चालते. म्हणजे नाव मिळणे ही रुजण्याची अट नव्हे. फळाच्या नावावरून त्याचे मूळ कळते. त्याच्या संसाराचे मात्र काहीच कळत नाही.

तो संसार कळतो कामाच्या शब्दांवरून. डाळिंबाच्याच बाबतीत पाहा. नगरचा शेतकरी 'बहार धरतो'. जानेवारी-फेब्रुवारीतला तो 'आंबे बहार', पावसाळ्याच्या तोंडचा तो 'मृग बहार', आणि पावसाळा सरतानाचा तो 'हस्त बहार'. 'बहार' हा शब्द फारसी. पण त्याला ओळख दिली ती आंब्याच्या मोहोराने आणि नक्षत्रांनी. बहार धरण्यापूर्वी झाडाला 'ताण' देतात, म्हणजे पाणी तोडतात. मग पानगळ होते, आणि पुन्हा पाणी सोडले की झाड फुलावर येते. एका परकी झाडाचे सबंध वर्ष आपल्या पंचांगात आणि आपल्या क्रियापदांत बसविले गेले आहे. झाड खऱ्या अर्थाने रुजल्याची खूण ही आहे.

हे तत्त्व ब्लूबेरीला लावून पाहण्याची संधी प्रस्तुत लेखकाला स्वतःच्या अपयशातून मिळाली, म्हणून ते येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. काही वर्षांपूर्वी विकत आणलेले एक रोप लेखकाने घरच्या गच्चीवर कुंडीत लावले. माती म्हणून उत्तम काळी माती घेतली, तीत शेणखत कालवले, मूठभर राखही घातली, आणि कूपनलिकेचे पाणी नियमाने दिले. दोन-तीन महिन्यांत पाने पिवळी पडू लागली. शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. पुढचा मृग उजाडण्यापूर्वी रोप गेले. कोव्हिल यांनी ज्या कुंड्यांत अपयश पाहिले, तीच कुंडी शंभर वर्षांनंतर लेखकाने नव्याने भरली होती. शेजारच्या एका वृद्ध माळ्याने ती पाहिली. हे झाड त्याने पूर्वी कधी पाहिले नव्हते आणि त्याचे नावही त्याला ठाऊक नव्हते. त्याने एकच प्रश्न केला : "सर, या पाण्यात तुमची डाळ शिजती का?"

डाळ शिजत नव्हती, हे घरात सर्वांना माहीत होते. आंघोळीच्या साबणाला फेस येत नव्हता आणि पाणी तापविण्याच्या भांड्याला आतून पांढरा थर धरत होता, हेही माहीत होते. लोकभाषेत याला 'जड पाणी' म्हणतात. रसायनशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे बायकार्बोनेट क्षार विरघळलेले असतात. जिल्ह्याच्या मोठ्या भागात जमीन बसाल्ट खडकापासून झालेली, चुनखडीयुक्त आणि विम्ल आहे. मराठी कृषिग्रंथांत ज्याला 'सामू' म्हणतात तो आकडा अशा जमिनीत बहुधा ७.५ ते ८.५ असतो; ब्लूबेरीला ४.५ ते ५.५ लागतो. हे मोजमाप पायरीगणिक दसपटीने बदलणारे असल्यामुळे सामू ८ आणि सामू ५ यांच्यातील अंतर सहस्रपटीचे आहे. विम्ल मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही, आणि पाने पिवळी पडतात. कुंडीत आंबट माती घालून मातीचा प्रश्न सोडविता येतो. परंतु रोज घातले जाणारे जड पाणी ती माती हळूहळू चुनखडीची करून टाकते. कुंडी मातीपासून सुटका करते, पाण्यापासून करीत नाही. खापरी नळ बांधणाऱ्यांना पाण्याचे दुर्भिक्ष माहीत होते. कुंडी लावणाऱ्याला त्याची जातही पारखावी लागते. ही गोष्ट त्या माळ्याला झाडाचे नाव न कळताही कळली, कारण त्याच्यापाशी पाण्याचा शब्द होता.

नगरच्या शेतकऱ्यांच्या तोंडी असलेली जमिनीची परिभाषा या दृष्टीने पाहिली तर तिचे मोल ध्यानात येते. 'चुनखडीची', 'खारवट', 'चोपण', 'मुरमाड', 'बरड' हे शब्द केवळ वर्णनाचे नाहीत. प्रत्येकात पीक का जाते याचे निदान आहे. त्याच जिल्ह्यात अकोले तालुक्याच्या पश्चिमेस, घाटघर-रतनवाडीकडे, मुसळधार पावसाने क्षार धुऊन नेलेली तांबडी माती आहे. तेथे भात पिकतो आणि रानात करवंद व जांभूळ ही आपली निळीकाळी फळे आपोआप येतात. ब्लूबेरीच्याच प्रजातीतील रानटी झुडपे दक्षिणेत निलगिरीच्या उंच भागात आढळतात, तीही पावसाळी डोंगरावर. म्हणजे गच्चीवरच्या माणसाला आपल्या कुंडीत जिल्ह्याचा पूर्व भाग सोडून पश्चिम घाटमाथा निर्माण करावयाचा आहे. अर्थात त्यासाठी रानातली माती उकरून आणणे योग्य नव्हे. नारळाच्या काथ्याचा भुसा, झाडांच्या सालीचे तुकडे आणि कुजलेला पालापाचोळा यांच्या मिश्रणाने ते काम होते. राख, चुना आणि हाडांचा चुरा वर्ज्य करावा, नत्र अमोनियम सल्फेटच्या रूपाने अगदी थोडे द्यावे, आणि रोप मोठे झाल्यावर तीस-चाळीस लिटरची कुंडी घ्यावी. वाण अर्थातच थोड्या थंडीवर भागणारा हवा, आणि वैशाखातल्या दुपारच्या उन्हात सावली हवी.

पाण्यासाठी खात्रीचा उपाय एकच, तो म्हणजे पावसाचे पाणी. नगरास वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. दहा चौरस मीटर गच्चीवर त्याचे सुमारे साडेपाच हजार लिटर होतात. एका कुंडीला रोज तीन लिटर धरले, तर पावसाळ्याबाहेरच्या आठ महिन्यांना सातशे-साडेसातशे लिटर पुरतात. वाया जाणारे पाणी वजा करूनही हिशेब बसतो. अडचण साठवणुकीची आहे. आणि येथे, ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात कित्येक गावांना टँकरची वाट पाहावी लागते, तेथे एका परक्या फळासाठी पाणी साठविणे कितपत उचित, हा प्रश्न टाळता येत नाही. छतावरून एरवी गटारात जाणारे पाणी अडवून त्यावर एखाद-दुसरे झाड जगविणे, आणि नळाचे वा भूजलाचे पाणी त्यावर ओतणे, या दोहोंत नैतिक अंतर आहे, एवढे नमूद करणे आवश्यक वाटते.

मात्र कामाच्या शब्दांचा हा गौरव करताना एक मर्यादा सांगितली पाहिजे. डाळिंबाचा अनुभव गाठीशी असलेला माणूस ब्लूबेरीलाही 'ताण' द्यावा असे सहज म्हणेल. पानगळ आणि झोप ही दोघांचीही गरज दिसते. परंतु डाळिंबाची मुळे ताण सोसतात. ब्लूबेरीची मुळे उथळ व तंतुमय असून त्यांना मुळकेसही नसतात. पाणी तोडल्याने ती झोपणार नाहीत, मरतील. ब्लूबेरीची झोप थंडीतून येते, तहानेतून नव्हे. एका झाडासाठी घडलेले क्रियापद दुसऱ्यावर डोळे मिटून लादता येत नाही. शब्दात साठलेले ज्ञान त्या शब्दाच्या अनुभवाइतकेच मोठे असते.

या विवेचनातून निघणारा निष्कर्ष पद्धतीविषयीचा आहे. वनस्पतींच्या स्थलांतराचा इतिहास लिहिताना आपण फळांच्या नावांच्या याद्या तयार करतो आणि व्युत्पत्ती सांगून थांबतो. त्याऐवजी त्या फळाभोवती माती, पाणी, ऋतू आणि हातांचे कोणते शब्द जमले, जुन्यांपैकी कोणते उपयोगी पडले आणि कोणते फसले, याच्या नोंदी झाल्या पाहिजेत. नावे कोशांत टिकतात. कामाचे शब्द मात्र काम करणाऱ्यांबरोबर जातात. 'चोपण' आणि 'बरड' यांतला भेद हाताने माती चोळून सांगणारी पिढी आज वृद्ध झाली आहे, आणि आपल्या विभागांतून होणाऱ्या बोलींच्या पाहण्यांत या शब्दांना अजून पुरेशी जागा मिळालेली नाही.

ब्लूबेरीला मराठी नाव मिळेल की नाही, हे आज सांगता येणार नाही, आणि त्याने फारसे बिघडतही नाही. कुंडी भरताना तळाच्या छिद्रावर आपण अजूनही एक खापरी ठेवतो. पाणी वाहून जावे पण माती राहावी, यासाठी ती असते. कापूरवाडीचे पाणी बागेपर्यंत आणणारा शब्द आणि या कुंडीच्या तळाशी पडलेला शब्द एकच आहे. लेखकाच्या गच्चीवर आज दुसरे रोप आहे. ते पावसाच्या पाण्यावर वाढते आहे, आणि त्याच्या कुंडीत काळी माती नाही.